डालग्यावरचा दगड

"आणखी किती दिवस, बाबा?"

वैजनाथ मास्तरांनी हे विचारलं तेव्हा दावलबाबा फुंकणीने चूल पेटवत होते. धूर डोळ्यांत गेला. त्यांनी डोळे पुसले आणि पुन्हा फुंकलं.

"तीन वर्षं झाली. तीन वर्षं आणि दोन महिने."

"मोजतोस?"

"मोजू नको तर काय करू? शाळेची नोकरी सोडली. घर सोडलं. आणि मागच्या पौर्णिमेला एक मेंढपाळ येतो काय, दोन दिवस राहतो काय, तुम्ही त्याच्या कानात नाव देता काय! अंगठा उठवणारा माणूस तो. मी चार भाषा वाचतो, बाबा."

बाबांनी चुलीत काटकी सारली.

मी उंबऱ्यात तांदूळ निवडत होते. मी गयाबाई, गावातली. ओढ्यापलीकडे लिंबाखाली बाबांची एका खोलीची जागा, तिला सगळे तकिया म्हणतात. रोज तिथं जाऊन झाडलोट करायची आणि चार भाकऱ्या टाकायच्या, हा माझा नेम. दोन्ही माणसं माझ्यासमोर बसलेली, तेव्हा सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

बाबा कधीमधी एखाद्याला जवळ बोलवायचे आणि त्याच्या कानात एक नाव सांगायचे. कुणाचं नाव, ते त्यालाच ठाऊक. ज्याला मिळालं त्यानं ते दुसऱ्याला सांगायचं नाही, एवढीच अट. त्या मेंढपाळाला मी ताजी भाकरी दिली, ठेचा दिला, खोदून खोदून विचारलं. मेला नुसता हसला.

मास्तरांना ते नाव हवं होतं. दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

बाबांनी फुंकणी कोपऱ्याकडे केली.

"हिची पिल्लं निघतील त्या दिवशी."

कोपऱ्यात पाटीत माझी टिकली बसली होती. काळी कोंबडी, कपाळावर एक पांढरा ठिपका. खुडूक झाली होती. आमच्या घरी मांजर व्यायली होती, म्हणून मी टिकलीला अकरा अंड्यांवर बसवून तकियात आणून ठेवलं होतं.

मास्तर तिच्याकडे बघत राहिले.

"किती दिवस लागतात, मावशी?"

"एकवीस. आज चौथा."

"म्हणजे सतरा राहिले." त्यांनी वही काढली. "बाबा, शब्द दिलात हां."

"दिला," बाबा म्हणाले आणि त्यांनी चुलीवर तवा टाकला.

त्या दिवसापासून माझी कोंबडी मास्तरांची झाली.

कोंबडी अंड्यांवर बसवताना आमच्यात अंड्यांवर कोळशाची रेघ ओढतात. म्हणजे दुसरी कोंबडी येऊन मध्येच नवं अंडं घालून गेली तर ते ओळखू येतं. मास्तरांना एवढ्यानं कुठलं समाधान? त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक अंड्यावर आकडा घातला. एक ते अकरा.

"हजेरी घेणार का काय?" मी म्हटलं.

"नोंद नको का?"

पाटीत मी एक कोळसा आणि एक लोखंडी खिळा ठेवला होता. विजेनं अंडी बिघडू नयेत म्हणून आमच्यात ठेवतात. मास्तरांनी खिळा उचलून माझ्या हातात दिला.

"मार्गशीर्षात कुठली वीज, मावशी?"

मी खिळा कनवटीला लावला. शहाण्या माणसाच्या नादी कोण लागणार!

टिकली दिवसातून एकदा उठायची. दाणे टिपायची, पाणी प्यायची, राखेत अंग घुसळायची आणि धावत परत. मास्तर ती वेळही मांडून ठेवायचे. तेवढ्या वेळात एखादं अंडं उचलायचे, कागदाची नळी करून उन्हाकडे धरायचे आणि आत बघायचे. मी ओरडले तर म्हणायचे, "आत शिरा दिसतात मावशी, लाल लाल." त्यांचं तोंड तेव्हा अगदी पोरासारखं व्हायचं. माणूस वाईट नव्हता. उतावळा होता.

एकदा त्यांनी विचारलं, "ही सारखी काय पुटपुटते?"

कारण टिकली बसल्या बसल्या घशातल्या घशात आवाज करायची. कुक्... कुक्... इतका हळू की जवळ बसल्याशिवाय कळू नये.

"अंड्यांशी बोलते."

"त्यांना कान तरी फुटलेत का?"

"ते मला काय ठाऊक? पण ती पहिल्या दिवसापासून बोलते."

मास्तर हसले. बाबा गोधडीला टाके घालत होते. त्यांनी मान वर केली, मास्तरांकडे बघितलं, आणि पुन्हा सुईत डोळे घातले.

एकोणिसावा दिवस उजाडला.

बाबा गावात झोळी घेऊन फिरायला गेले होते. मी ओढ्यावर धुणं धूत होते. टळटळीत दुपार, पण वारा असा गार की हात बधिर झाले होते.

तकियात परत आले तर दारात मास्तर उभे. हातात एक अंडं. तोंड पांढरं पडलेलं.

"मुंगूस..." ते म्हणाले.

मी त्यांना बाजूला सारून आत गेले.

डालगं एका कुशीवर पडलं होतं. डालगं म्हणजे कोंबडी झाकायची उपडी टोपली. कोंबडी आत झाकली की वर दगड ठेवायचा, हे आमच्याकडे रांगतं पोरही जाणतं. मास्तरांनी टिकलीला अंड्यांवरून उठवून डालग्याखाली झाकलं होतं आणि अंडी बघायला घेतली होती. उजेड पुरेना म्हणून एक अंडं घेऊन ते अंगणात गेले.

तेवढ्यात मुंगूस खोलीत शिरलं.

टिकलीनं डालगं उलथून टाकलं. दार सताड उघडं होतं. बाहेर पळाली असती तर आज ती माझ्या अंगणात असती. ती बाहेर गेली नाही. ती पाटीत गेली. पंख पसरून अंड्यांवर पडली होती ती, आणि मान... जाऊ द्या. मान मला सांगवत नाही.

तिच्याखाली चार अंडी फुटली होती. सहा शाबूत होती. आणि एक मास्तरांच्या हातात.

"डालग्यावर दगड होता, मावशी," मास्तर म्हणाले. "मी ठेवला होता. मुंगसानं पाडला."

मी दगडाकडे बघितलं. तो पलीकडच्या भिंतीपाशी होता. सकाळी झाडताना मी जिथं सरकवला होता तिथंच. त्याच्यावरून मुंग्यांची रांग चालली होती.

मी काही बोलले नाही. मी टिकलीला पदरात घेतलं आणि खाली बसले, आणि मला जे रडू कोसळलं ते कोसळलं. कोंबडीसाठी काय रडायचं, म्हणाल. म्हणा.

बाबा आले. झोळी खुंटीला लावली. सगळं बघितलं. डालगं, पाटी, दगड. मुंग्याही बघितल्या असतील, त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

विचारलं मात्र काहीच नाही.

मास्तर कोपऱ्यात गेले आणि आपलं गाठोडं बांधायला लागले. वही, पुस्तकं, धोतर.

"आता पिल्लं निघत नाहीत, बाबा. म्हणजे नावही मिळत नाही. तीन वर्षं... माझ्या नशिबात नव्हतं. येतो."

बाबा पाटीपाशी बसले.

"इकडे ये."

मास्तर आले. बाबांनी त्यांचा हात धरला आणि एका अंड्यावर ठेवला.

"कसं आहे?"

"...कोमट."

"कुणाची ऊब आहे ही?"

"टिकलीची."

"ती तर मेली."

मास्तरांचा हात तसाच अंड्यावर.

बाहेर लिंबात वारा घुमत होता. मी बघत होते, मास्तरांची बोटं त्या अंड्याभोवती हळूहळू मिटत गेली.

"मावशी," ते म्हणाले, "ही... ही किती वेळात गार होतात?"

माझं डोकं असं फिरलं होतं! मनात आलं, म्हणावं, आता विचारतोस? पण अंडी सात होती, आणि माझ्या टिकलीनं त्यांच्यासाठी मान दिली होती.

"सदरा काढ," मी म्हटलं. एरवी मी त्यांना अहोजाहो करायची. त्या दिवशी नाही केलं.

"अं?"

"टिकलीनं पोटाची पिसं उपटून काढली होती. उघडं कातडं अंड्यांना लागावं म्हणून. बघ तिचं पोट, बघ. तुला पिसं नाहीत, सदरा आहे. काढ."

त्यांनी बघितलं. तिच्या पोटाखाली तळहाताएवढी उघडी, लालसर जागा होती. मास्तरांनी इतके दिवस कोंबडी उचलली, ठेवली, नोंदी केल्या, आणि हे त्यांना दिसलं नव्हतं.

त्यांनी सदरा काढला.

माझं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं मी फाडलं. सातही अंडी त्यांच्या पोटाशी लावली आणि वरून पट्टा सैलसर बांधला. बाबांनी चुलीजवळ भाताचं तूस पसरलं आणि त्यावर पोतं घातलं. मास्तर कुशीवर आडवे झाले.

"किती वेळ असं?"

"दोन दिवस. कूस बदलायची नाही. शिंकायचं तरी हळू."

कधी नव्हे ते त्यांनी वहीत काही लिहिलं नाही. लिहिणार कसे? एक हात डोक्याखाली, दुसरा पोटावर.

जेवायची वेळ झाली. बाबांनी भाकरी दुधात कुस्करली आणि मास्तरांच्या शेजारी बसून एकेक घास भरवू लागले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तुम्ही नका... मी आपला हातानं..."

"हात काढू नकोस," बाबा म्हणाले.

मास्तरांनी तोंड उघडलं. डोळ्यांतलं पाणी कानात ओघळत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा मास्तर मला बघून नुसते हात हलवायला लागले. जवळ या, जवळ या. मला वाटलं, झालं! चेंगरलं वाटतं एखादं.

"मावशी..." ते अगदी दबक्या आवाजात म्हणाले. "आत कोणीतरी आहे."

"म्हणजे?"

"आत बोलतंय."

मी गुडघे टेकले आणि पट्ट्याला कान लावला. आधी मास्तरांचं पोटच गुरगुरत होतं. मग...

च्यू.

बारीक. इतकं बारीक की ऐकलं का मनानं केलं, कळू नये. मग पुन्हा. च्यू... च्यू...

चाळीस वर्षं मी कोंबड्या बसवते. हे मला नवं नाही. तरी सांगते, अंगावर सर्रकन काटा आला. कवच पुरतं बंद. फट नाही, भोक नाही. उजेड माहीत नाही, आई माहीत नाही. आणि आतून हाक येते.

"अजून जन्मलं नाही ते," मास्तर म्हणाले. "जन्मलं नाही, आणि बोलतंय. कुणाशी बोलतंय, मावशी?"

"आईशी. आणखी कुणाशी?"

"आई तर..."

ते थांबले. मी पट्टा सारखा केला.

"ती पहिल्या दिवसापासून बोलत होती, मी म्हटलं होतं ना? एकोणीस दिवस तीच बोलते. ही गप्प असतात. विसाव्या दिवशी ही उत्तर देतात."

"एकोणीस दिवस... नुसतं एकटीनं?"

"मग?"

"उत्तर न येता?"

"हो रे, हो!"

आतून पुन्हा हाक आली. या वेळी दोन आवाज. मास्तर घाबरेघुबरे झाले. "आता यांना कोण उत्तर देणार? मावशी, तुम्ही बोला."

"पोट तुझं, मी कशी बोलू? तू बोल."

"काय बोलू?"

"ती बोलायची तेच."

चार भाषा वाचणारा तो माणूस. त्यानं हनुवटी छातीला टेकवली, ओठ मिटले, आणि घशातल्या घशात म्हणाला,

"कुक्..."

मला हसू आलं होतं. ते तिथंच विरलं. कारण आतून उत्तर आलं. एकदम तीन-चार ठिकाणांहून.

मास्तर रडायला लागले. रडता रडता कुक् कुक् करत होते. पोट हलू नये म्हणून हुंदका दाबत होते, आणि पुन्हा कुक् म्हणत होते. दारात बाबा उभे होते. कधी आले ते आम्हाला कळलंच नाही. त्यांनी डोक्यावरचं फडकं नीट बांधून घेतलं होतं, एखाद्या दर्ग्यात उभं राहावं तसे ते उभे होते.

"तो खिळा आहे का हो, मावशी?" मास्तरांनी मला हळूच विचारलं.

मी कनवटीचा खिळा काढून त्यांच्या पट्ट्यात खोचला. आम्ही दोघांपैकी कुणीच त्यावर काही बोललो नाही.

एकविसाव्या दिवशी, न्याहारीच्या वेळेला, पहिल्या अंड्याला तडा गेला.

मास्तरांना सांगायला नकोच होतं. त्यांनी कवचाला बोट लावलं नाही. नुसते बोलत राहिले. कुक्... कुक्... आणि पिल्लं एकेक करून बाहेर येत राहिली. ओली, चिकट, मान न सावरणारी. बाहेर आली की त्यांच्याच पोटाशी शिरायची. दुपारपर्यंत सहा झाली.

सातवं फुटलं नाही.

आम्ही वाट बघितली. मी ते अंडं कानाशी धरलं. आत शांत होतं.

"हे कितव्या नंबरचं?" मी विचारलं. मास्तरांनी त्या दुपारी जे अंडं उन्हात, गार वाऱ्यात हातात धरलं होतं, ते हेच होतं का, असं माझ्या मनात आलं होतं.

त्यांच्याही मनात तेच आलं असणार. त्यांनी अंडं हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं. आकडा नव्हता. घामानं सगळे आकडे पुसून गेले होते. पेन्सिलीची काळी छटा तेवढी त्यांच्या पोटावर राहिली होती.

त्यांनी ते अंडं मांडीवर ठेवलं. मग खाली ठेवायला हात नेला, आणि पुन्हा मांडीवर ठेवलं.

तेव्हा बाबा आले आणि त्यांच्यासमोर बसले.

"पिल्लं निघाली," बाबा म्हणाले. "मी शब्द दिला होता."

मास्तरांनी मान पुढे केली. कान बाबांच्या तोंडाशी आणला. मी उठून बाहेर जायला निघाले, कारण नाव देताना तिसऱ्यानं थांबायचं नसतं.

"गयाबाई, बस," बाबा म्हणाले.

मी बसले.

बाबा वाकले. पण त्यांनी तोंड मास्तरांच्या कानाशी नेलं नाही. मान वळवली आणि आपलाच कान मास्तरांच्या तोंडाशी नेला.

मास्तर गोंधळले.

"बाबा... नाव तर तुम्ही द्यायचं."

"मी तीन वर्षं बोलतोय. आज तू बोल."

बाबांचा कान तिथंच. डोळे मिटलेले. म्हातारा माणूस, पाठ वाकलेली, पण हलायचं नाव नाही.

मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. मांडीवरच्या अंड्याकडे बघितलं. मग भिंतीपाशी पडलेल्या दगडाकडे बघितलं. दोन दिवसांत त्या दगडाला कुणी हात लावला नव्हता.

पिल्लं चिवचिवत होती.

"मावशी..." ते म्हणाले.

बाबांच्या कानात, पण मला.

"मावशी, दगड मी ठेवलाच नव्हता."

...

"अंडी बघायची घाई होती. एवढ्याशा वेळासाठी दगड कशाला, म्हटलं. मुंगसानं काही पाडलं नाही. मीच. तुमची टिकली मी घालवली."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. मला वाटलं होतं मी रागानं बोलेन. तो दगड बघितल्यापासून मनात साठवून ठेवलं होतं, चांगलं पाच-पन्नास शिव्या घालण्याइतकं. पण राग सापडेना. "त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

मी पदर डोळ्यांना लावला.

बाबांनी कान काढला. ताठ बसले. त्यांचे डोळेही भरले होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही.

एक पिल्लू मास्तरांच्या पट्ट्यातून बाहेर आलं होतं. सगळ्यांत आधी निघालेलं, एव्हाना वाळून पिवळं झालेलं. बाबांनी ते उचललं आणि मास्तरांच्या ओंजळीत ठेवलं. वरून आपला हात झाकला.

"कुणाची ऊब आहे ही, बेटा?"

तीन वर्षांत पहिल्यांदा ते त्यांना बेटा म्हणाले.

मास्तरांनी ओंजळीकडे बघितलं. टिकलीची म्हणायला गेले असावेत, ओठ तसे हलले. थांबले. मग माझ्याकडे बघितलं, बाबांच्या हाताकडे बघितलं, चुलीकडे, स्वतःच्या काळवंडलेल्या पोटाकडे. पुन्हा तोंड उघडलं. चार भाषा येणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून एक अक्षर बाहेर पडेना. तोंड तसंच उघडं, डोळे पिल्लावर, आणि गालांवरून पाणी वाहतंय. इतकं सुंदर मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

बाबा हळूच पुढे झुकले.

"हेच नाव," ते म्हणाले. "कुणाला सांगू नकोस."